लॅपटॉप थकलाय की त्याची डिस्क?

मंडळी, तुमच्या घरात, इथल्या किंवा भारतातल्या, दहाएक वर्षांपूर्वी घेतलेला एखादा लॅपटॉप नक्की असणार. चालू करून चहा टाकावा, चहा उकळून, गाळून, कप हातात घेऊन परत यावं, तरी पडद्यावरचं ते गोल चक्र फिरतच असतं. आपल्यापैकी अनेकांनी नवा लॅपटॉप घेतल्यावर जुना सुट्टीत मायदेशी नेऊन आई-बाबांना दिलेला असतो. मग दर रविवारच्या व्हिडिओ कॉलवर "अरे, तुझं ते यंत्र फारच हळू झालंय" हे ऐकावं लागतं. कोपऱ्यावरचा दुकानदार सांगतो, "आता नवीनच घ्या." पुष्कळदा नवीन घ्यायची गरज नसते. एक भाग बदलला की तोच लॅपटॉप आणखी काही वर्षं आनंदाने चालतो. हा भाग कुठला, तो बदलल्याने नेमकं काय होतं आणि बदलताना काय सांभाळायचं, ते आज पाहू. सांभाळायची मुख्य गोष्ट म्हणजे त्या लॅपटॉपमधले फोटो. यंत्र पुन्हा विकत मिळतं, २०१४ च्या मुंजीचे फोटो मिळत नाहीत.

आधी निदान

खर्च करण्याआधी पाच मिनिटं काढा. विंडोज असेल तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यातल्या 'परफॉर्मन्स' या भागात सीपीयू, मेमरी आणि डिस्क यांचे आलेख दिसतात. आता लॅपटॉप रेंगाळत असताना या तिघांकडे बघत राहा. सीपीयू १०-१५ टक्क्यांवर निवांत आणि डिस्क मात्र १०० टक्क्यांवर चिकटलेली दिसली, तर दुखणं डिस्कचं आहे. मेमरी कायम ९० टक्क्यांच्या वर असेल, तर रॅम कमी पडतेय. बहुधा ४ जीबी असेल, आणि शक्य असल्यास तीही ८ करून घ्या. पण डिस्क शांत आणि सीपीयूच १०० टक्क्यांवर असेल, तर एसएसडी बसवून निराशा पदरी येईल. जुन्या प्रोसेसरवर चांगल्या प्रतीचा व्हिडिओ अडखळतो, तो बहुतेक वेळा याच प्रकारात मोडतो. पंख्यात साचलेल्या धुळीने प्रोसेसर तापून मंदावणं हेही यातच आलं. त्याला इलाज ब्रशचा, डिस्कचा नव्हे.

विंडोज १० च्या नंतरच्या आवृत्त्यांत डिस्क 'एचडीडी' आहे की 'एसएसडी' हेही तिथेच लिहिलेलं असतं. एसएसडी आधीच बसवलेली असेल तर इथेच थांबा, पैसे वाचले.

सोळा-सतरा महिन्यांची वाट

हार्ड डिस्कचा जन्म १९५६ सालचा. आयबीएमने रॅमॅक या संगणकाबरोबर पहिली हार्ड डिस्क आणली. त्यात २४ इंच व्यासाच्या ५० चकत्या होत्या आणि त्यात मावत होती सुमारे ५० लाख अक्षरं, म्हणजे आजच्या मोबाइलवरचा एखादा फोटो. तुमच्या जुन्या लॅपटॉपमधल्या डिस्कची क्षमता लाखपटीने वाढली, आकार तळहाताएवढा झाला, पण तत्त्व तेच राहिलं. चुंबकीय थर दिलेली चकती फिरते आणि एका दांडीच्या टोकावरचं हेड तिच्यावरून सरकत जाऊन वाचतं.

आणि मेख इथेच आहे. लॅपटॉपमधली नेहमीची डिस्क मिनिटाला ५४०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला ९०. एका फेऱ्याला ११ मिलिसेकंद लागतात. हवी ती जागा हेडखाली यायला सरासरी अर्धा फेरा, म्हणजे साडेपाच मिलिसेकंद. त्याआधी दांडीला योग्य वर्तुळावर सरकायला हवं, त्याचे साधारण १२. एकूण झाले सतरा-साडेसतरा मिलिसेकंद. म्हणजे इकडे-तिकडे विखुरलेले तुकडे वाचायचे असतील, तर ही डिस्क सेकंदाला जेमतेम ५५-६० तुकडे देऊ शकते. प्रत्येक तुकडा ४ किलोबाइटचा धरला, तर सेकंदाला सव्वादोनशे किलोबाइट! सलग साठवलेला सिनेमा वाचताना हीच डिस्क सेकंदाला ८०-१०० मेगाबाइट देते. पण विंडोज सुरू होताना किंवा ब्राउझर उघडताना सिनेमा वाचायचा नसतो. शेकडो फायलींमधले हजारो बारीक तुकडे गोळा करायचे असतात, आणि दर तुकड्याला चकती फिरण्याची वाट बघावी लागते.

ही वाट प्रोसेसरच्या दृष्टीने किती मोठी आहे? समजा प्रोसेसर हा एक आचारी आहे आणि त्याचा एक ठोका म्हणजे आपला एक सेकंद. २.५ गिगाहर्ट्झचा प्रोसेसर एका सेकंदात अडीच अब्ज ठोके देतो. प्रोसेसरच्या आतली कॅश म्हणजे मिसळणाचा डबा, हात घातला की हळद हातात. रॅममधून काही आणायचं तर सुमारे २५० ठोके, म्हणजे चार मिनिटं. शेजारणीकडून वाटीभर साखर आणावी, तेवढा वेळ. एसएसडीला एक बारीक तुकडा द्यायला साधारण ०.१ मिलिसेकंद लागतो. आचाऱ्याच्या हिशोबाने ते झाले जवळजवळ तीन दिवस, म्हणजे पार्सलची वाट. आणि हार्ड डिस्क? सोळा-सतरा महिने. फोडणी टाकून झाल्यावर हिंग मागवला आणि तो पुढच्या वर्षीच्या दिवाळीनंतर आला! तुमचा प्रोसेसर मंद नाही. तो पळी हातात घेऊन उभा आहे.

या हिशोबातून खरेदीचाही एक मुद्दा निघतो. जुन्या लॅपटॉपमधली साटा ही जोडणी फार तर सेकंदाला ५५० मेगाबाइट वाहून नेते. त्याहूनही जुन्या साटा-२ मध्ये सुमारे ३०० च्या आतच. नव्या एनव्हीएमई एसएसडीच्या खोक्यावर ३५०० किंवा त्याहून मोठे आकडे छापलेले असतात, ते बघून "माझ्या लॅपटॉपला काय उपयोग?" असं वाटतं. पण रोजच्या वापरात जाणवतं ते तुकडा मिळायला लागणारा वेळ कमी होणं, आणि ते साटा-२ वरही होतं. सतरा महिन्यांवरून तीन दिवसांवर येणं ही मोठी उडी आहे. तीन दिवसांवरून दीडवर येणं मेल वाचताना कळणारही नाही. तेव्हा जुन्या यंत्रासाठी साधी साटा एसएसडी घ्या आणि वाचलेल्या पैशांत रॅम वाढवा.

पाटी पुसल्याशिवाय लिहिता येत नाही

एसएसडीत फिरणारं काहीच नाही. असतात त्या चिपा, आणि चिपेत अब्जावधी सूक्ष्म कप्पे. प्रत्येक कप्पा म्हणजे एक ट्रान्झिस्टर, ज्याच्या आत चहूबाजूंनी विद्युतरोधक थराने वेढलेली एक जागा असते. तिला फ्लोटिंग गेट म्हणतात. तिच्यात इलेक्ट्रॉन कोंडले की ट्रान्झिस्टर एका तऱ्हेने वागतो, काढून घेतले की दुसऱ्या. झाले शून्य आणि एक. वीज बंद केली तरी इलेक्ट्रॉन बाहेर पडत नाहीत, कारण सगळीकडून भिंत आहे. ही कल्पना १९६७ मध्ये बेल लॅबमध्ये दावोन कांग आणि सायमन झी यांनी मांडली.

मग भिंत असताना इलेक्ट्रॉन आत जातातच कसे? इथे पुंजभौतिकी कामाला येते. भिंत काही नॅनोमीटर जाडीचीच असते. तिच्यावर वीसेक व्होल्टचा दाब दिला की, ती ओलांडण्याइतकी ऊर्जा नसतानाही काही इलेक्ट्रॉन पलीकडे सापडतात. याला टनेलिंग म्हणतात. तुमच्या बाबांची बँकेची पीडीएफ साठवताना घरात पुंजभौतिकीचा प्रयोग होतो, हे त्यांना सांगून बघा. (आजच्या बऱ्याच चिपांमध्ये फ्लोटिंग गेटच्या जागी विद्युतभार अडकवून ठेवणारा वेगळा थर असतो, पण गोष्ट तीच.)

ही मेमरी मोठमोठ्या गठ्ठ्यांत एका झटक्यात पुसण्याची युक्ती जपानमधल्या तोशिबा कंपनीतल्या फुजिओ मासुओका यांची, १९८० च्या दशकातली. कॅमेऱ्याच्या झगझगाटासारखं क्षणात सगळं पुसलं जातं, म्हणून एका सहकाऱ्याने सुचवलेलं 'फ्लॅश' हे नाव रूढ झालं. त्यांनी १९८७ मध्ये जगापुढे मांडलेला नॅंड हा प्रकार आज आपल्या एसएसडीत, फोनमध्ये आणि पेनड्राइव्हमध्ये आहे.

गठ्ठ्याने पुसण्यात एक अडचण आहे. लिहिता येतं काही किलोबाइटच्या पानावर, पण पुसायचं झालं तर अशा शेकडो पानांचा पूर्ण गठ्ठाच पुसावा लागतो. आपल्या शाळेच्या पाटीसारखं समजा, पण अशी पाटी की जिच्यावरचा एक शब्द पुसता येत नाही, पुसायची तर सगळीच. म्हणून एसएसडीतला नियंत्रक बदललेला मजकूर जुन्या जागी लिहीतच नाही. तो दुसऱ्या कोऱ्या जागी लिहितो, जुनी जागा 'रद्द' म्हणून टिपून ठेवतो आणि सवड मिळाली की रद्द पानांचे गठ्ठे पुसून कोरे करतो. त्यासाठी त्याला हात हलवायला जागा लागते. एसएसडी गच्च भरू नका, १५-२० टक्के रिकामी ठेवा, असं म्हणतात ते यासाठी. डीफ्रॅगमेंट करण्याची जुनी सवयही सोडून द्या. तुकडे जवळ आणण्याचा उपयोग फिरत्या चकतीला होता. इथे नुसती झीज होते.

झीज होते हे खरं. दर पुसण्या-लिहिण्यात ती पातळ भिंत थोडी थोडी खराब होते. म्हणून लोक घाबरतात, पण हिशोब करून पाहा. ५०० जीबीच्या साध्या एसएसडीवर ३०० टेराबाइट लिहिण्यापर्यंतची हमी सर्रास दिसते. घरगुती वापरात रोज २० जीबी लिहिले, हा आकडा खूप झाला, तरी वर्षाला ७.३ टेराबाइट होतात. ३०० गाठायला ४१ वर्षं. त्याआधी लॅपटॉपची बिजागरी तुटेल.

खरी भीती वेगळ्या जागी आहे

हार्ड डिस्क मरताना बहुधा कण्हते. टक्-टक् आवाज येतो, फायली उघडायला वेळ लागतो. एसएसडी मात्र पुष्कळदा काहीच न सांगता जाते. काल चालू होती, आज लॅपटॉपला दिसतच नाही. दुसरी गोष्ट पुसलेल्या फायलींची. हार्ड डिस्कवर फाइल चुकून उडवली तर बऱ्याचदा परत मिळवता येते, कारण तिथे फक्त नोंद काढलेली असते, मजकूर तसाच पडून असतो. एसएसडीला मात्र विंडोज 'ट्रिम' नावाचा निरोप पाठवतं, "ही पानं आता नकोत", आणि नियंत्रक ती साफ करून टाकतो. रिसायकल बिन रिकामी झाली की मग कुठला तज्ज्ञही बहुधा हात टेकतो.

म्हणजे वेग वाढवताना आपण एक सुरक्षेची जाळी काढून घेत असतो. तिच्या जागी बॅकअप हवा. हे आई-बाबांच्या लॅपटॉपला दुप्पट लागू, कारण तिथे फोटोंची दुसरी प्रत बहुधा कुठेच नसते.

आता हत्यारं

सर्वात पहिलं काम म्हणजे महत्त्वाच्या फायली बाहेरच्या डिस्कवर उतरवून घेणं आणि त्यातल्या दोन-चार उघडून पाहणं. त्यानंतर जुन्या डिस्कची तब्येत तपासा. क्रिस्टलडिस्कइन्फो हा फुकट मिळणारा प्रोग्राम ती रंगात दाखवतो. निळा असेल तर ठीक. पिवळा किंवा लाल असेल तर सगळी डिस्क उतरवण्याच्या भानगडीत पडू नका, आधी फोटो आणि कागदपत्रं हाताने कॉपी करा, कारण मरणाऱ्या डिस्कला जितकं पळवाल तितकी ती लवकर जाते. टक्-टक् आवाज येत असेल आणि आतलं काही मोलाचं असेल, तर लॅपटॉप बंद करा आणि डेटा परत मिळवून देणाऱ्या जाणकाराकडे न्या.

एसएसडी विकत घेण्याआधी लॅपटॉपच्या मॉडेल क्रमांकावरून आत काय बसतं ते शोधा. हार्ड डिस्क असलेल्या लॅपटॉपमध्ये जवळजवळ नेहमीच अडीच इंची साटा कप्पा असतो. एसएसडी ७ मिलिमीटर जाडीची असते, जुनी डिस्क ९.५ ची असेल तर मधली पोकळी भरायला प्लास्टिकची चौकट लागते. काही लॅपटॉपमध्ये एम.२ नावाची चपटी खाचही असते, पण तिथे फसगत होते. दिसायला तीच खाच काही यंत्रांत फक्त साटा घेते, काहींत फक्त एनव्हीएमई. माहितीपुस्तिकेत बघितल्याशिवाय घेऊ नका. मॅकबुकमध्ये २०१२ च्या रेटिना नसलेल्या प्रोमध्ये साधी अडीच इंची डिस्क असते. नंतरच्यांत जोडणी वेगळ्या घडणीची, आणि अलीकडच्या मॅकबुकमध्ये चिपा मुख्य पाटीवरच डाखलेल्या असतात. ऑनलाइन "४ टीबी, अगदी स्वस्तात" असं काही दिसलं तर पुढे चला. त्यात बहुधा आकडा खोटा सांगणारी छोटी चिप असते, आणि ती भरेपर्यंत लबाडी कळत नाही.

मग प्रश्न येतो, जुन्या डिस्कची हुबेहूब प्रत काढायची की विंडोज नव्याने टाकायची? माझं मत नव्याने टाकण्याच्या बाजूने आहे. दहा वर्षांचा कचरा नव्या घरात कशाला न्यायचा? लायसन्सची चिंता नको, विंडोज १० चं डिजिटल लायसन्स मुख्यतः मदरबोर्डशी बांधलेलं असतं. पण आई-बाबांच्या बाबतीत मी प्रत काढण्याचाच सल्ला देईन. त्यांचे आयकॉन त्यांच्या जागी असणं हे त्यांच्यासाठी कुठल्याही वेगापेक्षा मोलाचं आहे.

प्रत काढायला यूएसबी ते साटा ही केबल लागते. ती फार महाग नसते. एसएसडी केबलला जोडा आणि कंपनीचाच क्लोनिंग प्रोग्राम किंवा क्लोनझिला वापरा. क्लोनझिलाला नवी डिस्क जुनीएवढी किंवा मोठी लागते, हे लक्षात ठेवा. बिटलॉकर चालू असेल तर आधी ४८ आकडी रिकव्हरी की कागदावर उतरवा आणि ते बंद करा. चार्जर लावलेला आणि बॅटरी भरलेली असू द्या, मध्येच दिवे गेले तर पंचाईत नको. आणि 'कुठून' आणि 'कुठे' हे दोन रकाने भरताना घाई करू नका. उलटे निवडले तर कोरी डिस्क भरलेल्या डिस्कवर उतरते, आणि दहा वर्षांचे फोटो तासाभरात जातात. दोन्ही डिस्कची नावं आणि क्षमता मोठ्याने वाचा, मगच बटण दाबा. यूएसबी २ चं पोर्ट असेल तर ३०० जीबीला अडीच तास सहज लागतात. त्यामुळे भारतात जाऊन हे करणार असाल तर परतीच्या विमानाच्या आदल्या रात्री सुरू करू नका. सुट्टीच्या पहिल्या आठवड्यात करा, म्हणजे काही अडलं तर सोडवायला तुम्ही तिथे असाल.

बसवणं हा त्यातला सर्वांत सोपा भाग. लॅपटॉप पूर्ण बंद करा, चार्जर काढा, निघणारी बॅटरी असेल तर काढा, आतली असेल तर झाकण उघडल्यावर तिची पिन आधी सोडवा. बॅटरी फुगलेली दिसली तर पुढे जाऊ नका, तिला दाबू किंवा टोचू नका. ती आधी बदलून घ्या. स्क्रू वेगवेगळ्या लांबीचे असतात. कागदावर लॅपटॉपचा आकार काढून प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी चिकटपट्टीने लावा, नाहीतर लांब स्क्रू चुकीच्या भोकात जाऊन वरच्या बाजूने बाहेर येतो. एक-दोन स्क्रू रबरी पायांखाली लपलेले असतात. सगळे काढूनही झाकण निघत नसेल तर तिथे शोधा, जोर लावू नका. डिस्क वर उचलायची नाही, आधी जोडणीपासून आडवी सरकवायची. जुन्या डिस्कच्या बाजूंची पत्र्याची चौकट सोडवून एसएसडीला लावा आणि त्याच वाटेने आत सरकवा.

चालू केल्यावर सुरूच झालं नाही तर घाबरू नका, बायोसमध्ये जाऊन सुरुवात कुठल्या डिस्कवरून करायची ते बघा. सुरू झालं की विंडोजमधल्या 'ऑप्टिमाइझ ड्राइव्ह्ज' या खिडकीत तिच्यासमोर 'सॉलिड स्टेट ड्राइव्ह' असं लिहिलंय ना, तेवढं पाहा. तसं असेल तर ट्रिमची व्यवस्था विंडोज स्वतःच करतं.

एका गोष्टीला एसएसडी काही करू शकत नाही. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टचा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० आणि तुलनेने नवा प्रोसेसर लागतो. डिस्क बदलून ते मिळत नाही. लॅपटॉपवर बँकेचे व्यवहार होत असतील तर लिनक्स मिंटचा विचार करा. एसएसडीवर ते जुन्या यंत्रातही झपाट्याने चालतं, देवनागरी टंकनाचीही सोय आहे.

जुनी हार्ड डिस्क लगेच पुसू नका आणि भंगारातही टाकू नका. दोन महिने तशीच ठेवा. "ती टॅक्सची फाइल कुठे गेली?" हा प्रश्न हमखास पाचव्या आठवड्यात येतो. त्यानंतर तब्येत निळी असेल तर छोट्या यूएसबी खोक्यात घालून तिच्यावर फोटोंची आणखी एक प्रत ठेवा. कपाटात वर्षानुवर्षं पडून राहायला ती एसएसडीपेक्षा बरी. एसएसडीतले कोंडलेले इलेक्ट्रॉन हळूहळू झिरपतात. घरगुती एसएसडीसाठीचं जेडेकचं मानक, ठरलेली सगळी झीज झालेल्या एसएसडीने वीज नसताना ३० अंश सेल्सिअसला एक वर्ष डेटा टिकवावा, एवढीच अपेक्षा ठेवतं. नवी एसएसडी त्याहून जास्त टिकवते, पण नागपूरच्या मे महिन्यात बंद कपाटात ३० अंश कुठले? जुन्या डिस्कवर तारीख लिहून चिठ्ठी चिकटवा, आणि दर सुट्टीत घरी गेलात की एकदा जोडून फोटो उघडतात ना ते बघा.